डिकीतला सीडी चेंजर घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

सहा सीड्यांचे मॅगझिन (ट्रेंची पेटी) घेऊन हवी ती सीडी आपोआप लावणारा चेंजर १९९०च्या दशकात आणि पुढची काही वर्षे महागड्या गाड्यांच्या डिकीत हमखास असायचा. अल्पाइन, पायोनियर, सोनी, केनवूड, क्लॅरियन यांचे चेंजर बाहेरून बसवून घेता येत. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या डिकीतले अनेक मूळ चेंजरही अल्पाइननेच बनवलेले आहेत. पुण्यात जोडणी झालेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू-२१० ई-क्लास आजही रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्या मालकांपैकी बऱ्याच जणांना गाडीतली मूळ सिस्टीम बदलायची नसते. हा लेख त्यांच्यासाठी आणि जुना चेंजर विकत घेऊन बसवू पाहणाऱ्यांसाठी आहे.

चेंजर सीडी वाचेनासा झाला की ‘लेसर गेला’ असे सांगून सगळे मोकळे होतात. लेसर जातो हे खरे, पण तो शेवटचा संशयित. सुकलेले ग्रीस, धुरकटलेली लेन्स, कार्बन धरलेला स्विच, चिरलेली रिबन (संकेत नेणारी चपटी लवचिक केबल), वाकडी अडकलेली सीडी ही कारणे त्याच्या कितीतरी आधी येतात आणि ही सगळी घरी दुरुस्त होतात. फक्त डिसमिस हातात घेण्याआधी बिघाड नेमका केव्हा आणि कसा होतो हे नीट पाहावे लागते. चेंजर उघडला, की हालचाल करून पाहण्याची सोय बरीचशी संपते, म्हणून तपासाचा मोठा भाग डबा बंद असतानाच उरकायचा.

आत काय घडते

मॅगझिन आत ढकलले की चेंजर आधी आपली सुरुवातीची जागा शोधतो. मग लिफ्ट, म्हणजे सीडी फिरवणारी अख्खी यंत्रणा, मागितलेल्या ट्रेच्या उंचीवर येते. एक हात त्या ट्रेला बाहेर ओढतो, वरून क्लॅम्प सीडीला टर्नटेबलवर दाबतो. पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्स असलेला सरकता भाग, आतल्या टोकाला जाऊन मर्यादा-स्विचला टेकतो. लेसर पेटतो, लेन्स दोन-तीनदा वर-खाली होऊन फोकस शोधते, फोकस सापडला तरच सीडी फिरू लागते, आणि मग आतल्या कडेला लिहिलेली गाण्यांची यादी वाचली जाते. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला वेग मिनिटाला सुमारे ५०० फेरे असतो, बाहेरच्या कडेला तो २००च्या आसपास येतो.

हा क्रम पाठ करण्यासारखा आहे. डिकी उघडी ठेवून, इंजिन बंद आणि चावी ॲक्सेसरीवर ठेवून, मॅगझिन घाला आणि कान देऊन ऐका. क्रम कुठे तुटतो हे कळले की निम्मे काम झाले.

लिफ्टचा आवाजच नाही आणि मॅगझिनही बाहेर येत नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा फ्यूज गेला आहे. लिफ्ट वर-खाली होते, पण ट्रे ओढताना अडखळते आणि परत जाते, तर मॅगझिन किंवा हाताचा सरकण्याचा मार्ग तपासा. ट्रे आत आला, सीडी जराही फिरली नाही आणि काही सेकंदांनी परत ठेवली गेली, तर फोकस मिळालेला नाही: लेन्स, रिबन किंवा लेसर. सीडी फिरते, पण फिरत राहून परत जाते, तर फोकस मिळाला, वाचन जमले नाही. इथे लेन्सवरचा थर आणि थकलेली टर्नटेबल मोटर हे दोघे पुढे येतात. आतून एकसारखी ‘कट-कट-कट’ येत असेल तर पिकअप आतल्या टोकाला पोहोचूनही स्विचने तसे कळवलेले नाही आणि गिअर दात घसरवत आहे. हे लगेच थांबवा, नाहीतर प्लॅस्टिकचे दात झिजतील.

गाणी वाजत असतील पण मध्येच गडबड होत असेल, तर ती कशावर अवलंबून आहे ते पाहा. एकच सीडी वेगवेगळ्या ट्रेमध्ये घालून वाजवा. १, २, ३ वर वाजते आणि ५, ६ वर नाही, असे निघाले तर सीडी आणि लेसर दोन्ही निर्दोष आहेत. दोष लिफ्टबरोबर हलणाऱ्या रिबनमध्ये, लिफ्टच्या जागेच्या सेन्सरमध्ये किंवा मॅगझिनच्या त्या ट्रेमध्ये आहे. सुरुवातीची गाणी व्यवस्थित आणि दहाव्या-बाराव्या गाण्यापासून उड्या, तर पिकअपच्या रेलवरचे ग्रीस सुकले आहे किंवा पिकअपची रिबन ताणलेल्या अवस्थेत तुटक संपर्क देते. खड्ड्यांतच उड्या पडतात, तर डँपर (हादरे शोषणाऱ्या रबरी बोंड्या) किंवा बसवण्याचा कोन. थंड असताना वाजतो आणि अर्ध्या तासाने बंद पडतो, तर ड्राय सोल्डर (बोर्डवर तडा गेलेला सोल्डरचा सांधा) किंवा म्हातारा लेसर.

उघडण्याआधी

सगळ्यात आधी सीडी. तपासासाठी कंपनीची छापील, ओरखडे नसलेली, शक्यतो ७० मिनिटांहून लांब सीडी वापरा, म्हणजे बाहेरची कडही तपासली जाते. घरी बर्न केलेल्या सीडीवर निकाल देऊ नका. छापील सीडी ७० टक्क्यांच्या वर प्रकाश परावर्तित करते, पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. जुने चेंजर आरडब्ल्यू वाचतच नाहीत, त्यात बिघाड काहीच नाही. एमपी३ भरलेली सीडीही साध्या चेंजरला कळत नाही. कागदी लेबल चिकटवलेली सीडी मात्र चेंजरमध्ये कधीच घालू नये. उन्हात डिकी तापली की गोंद सैल होतो, लेबलाची कड सुटते आणि सीडी ट्रे आणि क्लॅम्पच्या मध्ये अडकते. अडकलेल्या मॅगझिनमागे बऱ्याचदा हेच लेबल निघते.

दुसरे, डिस्प्लेवरचा संदेश. अल्पाइनवर ‘एरर-०१’ आले तर यंत्रणेत अडथळा आहे; इजेक्ट दाबून मॅगझिन काढा, सीड्या नीट बसवून पुन्हा घाला. ‘एरर-०२’ म्हणजे एक सीडी आतच राहिली आहे. इजेक्ट दाबा, हालचाल पूर्ण होऊ द्या आणि मग रिकामे मॅगझिन घाला, चेंजर ती सीडी त्यात ठेवतो. भरलेले मॅगझिन घातले तर दोन सीड्या एका फटीत जातात, म्हणून रिकामेच हवे. ‘हाय-टेम्प’ हा बिघाडच नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेर उभ्या गाडीत तो येणारच. गाडी थंड होऊ द्या. पायोनियरवर ११, १२, १७, ३० हे एरर आले तर आधी सीडी मळकी किंवा ओरबाडलेली आहे का ते बघा.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात: चेंजरच्या बाजूला कोन ठरवणारा खटका किंवा स्क्रू असतो. आतली यंत्रणा स्प्रिंगांवर टांगलेली असते आणि चेंजर आडवा, उभा की तिरका बसवला आहे त्याप्रमाणे स्प्रिंगांची जागा बदलावी लागते. खूण दोन्ही बाजूंना असते आणि दोन्हीकडे सारखीच लावायची. एका बाजूला आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा असे राहिले, तर गाडी उभी असताना छान वाजते आणि चालू लागली की उड्या मारते. जुना चेंजर विकत घेतला असेल तर वाहतुकीचे स्क्रू काढले आहेत का तेही पाहा. हे स्क्रू बहुधा लाल किंवा वेगळ्या रंगाचे असतात आणि यंत्रणा जखडून ठेवतात. ते तसेच राहिले तर स्प्रिंग असून नसल्यासारख्या.

चौथे, वीज आणि केबल. चेंजरला कायमचा १२ व्होल्ट लागतो. तो तुटला की इजेक्टही चालत नाही. मल्टिमीटर लावून पाहा: बॅटरी सुस्थितीत असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. केबलच्या टोकाला, लिफ्ट चालत असताना, व्होल्टेज ११च्या खाली जात असेल तर वाटेत कुठेतरी सांधा गंजला आहे. अशा वेळी चेंजर सीडी ओढता ओढता रिसेट होतो आणि लोक मोटर बदलत बसतात. कोकणात, मुंबईत डिकीच्या कोपऱ्यात पावसाचे पाणी झिरपते. तिथल्या प्लगवर हिरवट थर दिसला तर काँटॅक्ट क्लीनर मारून, वाळवून, प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. अल्पाइनचे एम-बस आणि एआय-नेट, पायोनियरचे आयपी-बस, सोनीचे युनिलिंक ही जोडणीची पद्धत एकमेकांशी जुळत नाही. दिसायला सारखा गोल प्लग घुसतो म्हणून दुसऱ्या कंपनीच्या हेड युनिटला (डॅशबोर्डमधल्या मुख्य स्टीरिओला) लावू नका.

डब्ल्यू-२१० च्या उत्तरार्धातल्या काही गाड्यांत चेंजर प्रकाशतंतूच्या (ऑप्टिकल फायबर) केबलने जोडलेला असतो. ती साखळी आहे: चेंजर सोडला की साखळी तुटते आणि सगळी साउंड सिस्टीम गप्प होते. घाबरू नका, परत जोडली की चालते. पण ती केबल २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका आणि तिच्या टोकाला बोट लावू नका.

सामान

क्रॉस डिसमिस शून्य आणि एक नंबर, टी-८ आणि टी-१० टॉर्क्स, बारीक चिमटा, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचे (सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि सुगंध असतो), घट्ट गुंडाळीचे कापसाचे बड, प्लॅस्टिकला चालणारे सिंथेटिक ग्रीस, मल्टिमीटर, स्थिर विजेपासून वाचवणारा मनगटी पट्टा आणि फोन. जपानी यंत्रांतल्या अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्यांना जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा डिसमिस लागतो, साधा फिलिप्स खाच खाऊन टाकतो. हे सगळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत मिळते.

डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचे तेल आणि चेसिसचे ग्रीस या कामात आणू नका. पहिले दोन पातळ होऊन लेन्सवर आणि सीडीवर जातात, तिसरे प्लॅस्टिक गिअरना जड पडते.

गाडीतून काढणे

बॅटरी सोडावी लागणार असेल तर आधी हेड युनिटचा कोड हाताशी आहे याची खात्री करा. मॅगझिन बाहेर काढा. मिळाले तर वाहतुकीचे स्क्रू लावा. केबल प्लगला धरून ओढा, वायरीला नाही. ब्रॅकेटचे चार बोल्ट सोडले की डबा हातात येतो. तो कोणत्या बाजूला तोंड करून होता आणि कोनाच्या खुणा कुठे होत्या, याचे फोटो आत्ताच काढा.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. चेंजरला नुसता १२ व्होल्ट दिला तर इजेक्ट आणि सुरुवातीची हालचाल एवढेच होते. वाजवण्याचा हुकूम हेड युनिटकडून येतो. म्हणून टेबलावर पूर्ण चाचणी घ्यायची असेल तर हेड युनिटही काढून आणावे लागते. सोपा मार्ग म्हणजे साफसफाई घरात आणि चाचणी डिकीतच, वरचे झाकण काढलेल्या अवस्थेत, सावलीत.

झाकण उघडे असताना एक नियम कडक पाळा. सीडीच्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर आहे. डोळ्याला तो अंधुक लाल ठिपका वाटतो, पण प्रत्यक्षात त्याहून बराच प्रखर असतो. लेन्समध्ये थेट, वरून, कधीही पाहू नका. पेटतो की नाही हे पाहायचे असेल तर फोनचा कॅमेरा तिरका धरून स्क्रीनवर पाहा.

अडकलेले मॅगझिन

ओढू नका. मॅगझिन बाहेर येत नाही कारण कुठली तरी ट्रे किंवा सीडी अर्धी आत, अर्धी बाहेर आहे. जोर लावला तर ट्रेचे बारीक कान तुटतात किंवा लोडिंगचा हात वाकतो, आणि हे दोन्ही भाग आता सहज मिळत नाहीत.

पहिला प्रयत्न विजेवर करा: चेंजरची वीज पाच मिनिटे तोडा, परत द्या, सुरुवातीची हालचाल संपू द्या आणि मग इजेक्ट दाबा. निघाले नाही तर वरचे झाकण काढा. साधारण सहा ते आठ स्क्रू असतात, त्यातले एक-दोन स्टिकरखाली. आत टॉर्चने पाहा: सीडीची कड कुठे आहे, हात पूर्ण मागे गेला आहे का, क्लॅम्प वर आहे का.

लोडिंग मोटरच्या दांड्यावरचा गिअर किंवा वर्म (मळसूत्री गिअर) बोटाने फिरवता येतो. कोणत्या दिशेने हात मागे जातो ते एक फेरी फिरवून ठरवा आणि त्याच दिशेने हळू फिरवत राहा. वर्म असेल तर बरेच फेरे लागतात, कंटाळू नका. क्लॅम्प आधी उचलला गेला पाहिजे आणि नंतर ट्रे सरकली पाहिजे. क्लॅम्प खाली असतानाच ट्रे सरकू लागली तर थांबा, उलट फिरवा आणि पुन्हा बघा. बोट पोहोचत नसेल तर मोटरचा प्लग बोर्डवरून काढा आणि दोन सेलचे ३ व्होल्ट क्षणभर द्या. प्लग काढल्याशिवाय बाहेरून व्होल्टेज देऊ नका, मोटर चालवणारा आयसी जळतो.

सीडी सुटली की मॅगझिनचा खटका बाजूच्या पट्टीने उघडतो. मॅगझिन बाहेर आल्यावर ते रिकामे करून एकेक ट्रे हाताने सरकवा. सहाही सारख्याच सहज सरकल्या पाहिजेत. एखादी घासत असेल तर तिची कड वाकली आहे किंवा कान उडाला आहे. ती ट्रे रिकामी ठेवून बाकीच्या पाच वापरा, चेंजर रिकामी ट्रे ओलांडून पुढे जातो. सीडी कुठली बाजू वर करून घालायची याची खूण मॅगझिनवर असते. काही कंपन्यांत छापील बाजू वर असते, काहींत खाली, आणि उलटी घातलेली सीडी ‘वाचत नाही’ या तक्रारीचे एक फार साधे कारण आहे.

लेन्स

लेन्स प्लॅस्टिकची असते, वर निळसर-जांभळी झाक दिसते. ती केसासारख्या चार तारांवर किंवा पातळ पट्टीवर तरंगती टांगलेली असते. बडला अल्कोहोल लावा, दुसऱ्या कोरड्या बडवर टेकवून जास्तीचे काढून टाका, आणि लेन्सच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने फक्त बडच्या वजनाने तीन-चार गोल फेऱ्या मारा. लेन्स खाली दबली म्हणजे जोर जास्त झाला. लगेच कोरड्या बडने तसेच पुसा आणि दहा मिनिटे थांबा. ॲसिटोन, काच पुसायचे निळे द्रव, तोंडाची वाफ, काहीही नको. ब्रशवाली लेन्स-क्लीनर सीडी साध्या प्लेअरमध्ये कधीकधी चालते, चेंजरमध्ये टाळा. तिचे ब्रश ट्रे ओढताना अडकतात.

लेन्स पुसूनही फोकस मिळत नसेल तर धूळ तिच्या खालच्या आरशावर असू शकते. गाडी सिगारेटच्या धुराची असेल तर ही शक्यता बरीच आहे. लेन्सच्या बाजूच्या फटीतून हवेचा छोटा फुगा दोन-तीनदा मारा. कॉम्प्रेसर नको.

पावसाळ्यात, विशेषतः एसी गाडीतून बाहेर दमट हवेत आल्यावर, लेन्सवर बाष्प जमते. तासाभरात चेंजर आपोआप वाजू लागला तर काहीही उघडायची गरज नाही.

रेल, ग्रीस आणि स्विच

बरीच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिकीत मूळ ग्रीसचे पिवळट मेण झालेले असते. पिकअप बोटाने नाही, त्याच्या मोटरचा गिअर फिरवून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्या. हात एकसारखा हलका लागला पाहिजे. कुठे जड लागले तिथे रेलवर मळ आहे. अल्कोहोलच्या बडने स्टीलची दांडी चकचकीत होईपर्यंत पुसा, गिअरच्या दातांतला मळ दात-कोरणीने काढा. मग नवे ग्रीस: पूर्ण रेलला तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा, पिकअप पाच-सहा वेळा आत-बाहेर फिरवा आणि कडेला साठलेले पुसून घ्या. जास्त ग्रीस तापून वितळते आणि पहिली जागा लेन्सचीच शोधते. लिफ्टच्या उतरत्या खाचा आणि लोडिंगच्या सरकपट्ट्या यांनाही हेच.

गिअर काढायचा मोह आवरा. काढावाच लागला तर शेजारच्या दोन दातांवर मार्करने खूण करा. बहुतेक यंत्रणांत दोन गिअरवर भोक किंवा त्रिकोण असतो आणि ते समोरासमोर यावे लागतात. एक दात चुकला तरी लिफ्ट कायम अर्धी ट्रे वर किंवा खाली थांबते.

स्विच मल्टिमीटरवर तपासा. दाबल्यावर एक ओहमच्या आत वाचन हवे. दहा-वीस ओहम दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर कार्बन धरला आहे. काँटॅक्ट क्लीनर टूथपिकवर घेऊन एक थेंब सोडा आणि स्विच वीस-तीस वेळा दाबा. स्प्रे थेट मारू नका, तो लेन्सवर जाईल. काही चेंजरमध्ये लिफ्टची जागा ओळखायला सरळ सरकणारा व्हॉल्यूमसारखा रेझिस्टर असतो. लिफ्ट हळू फिरवताना त्याचे वाचन एकसारखे चढले पाहिजे, मध्ये तुटले तर तोही साफ करा. काहींत प्रकाशाचा सेन्सर असतो. त्याच्या फटीतली धूळ कोरड्या बडने काढली की पुरते.

टर्नटेबलची मोटर शक्यतो शेवटी बघा. प्लग काढून तिच्या दोन टोकांवर ओहम मोजा आणि टर्नटेबल हाताने अगदी हळू फिरवा. साधारण १० ते २० ओहममध्ये थोडे वर-खाली होणे ठीक. एखाद्या ठिकाणी एकदम शंभरावर गेले तर ब्रशखाली मळ आहे. ३ व्होल्टवर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा मिनिट फिरवली तर बऱ्याचदा सुधारते. पण ही सुधारणा तात्पुरती असते.

रिबन

ट्रेनुसार किंवा गाण्यानुसार येणाऱ्या दोषाचे मूळ बहुधा इथे. रिबनचा जो भाग सतत वाकतो तिथे भिंगातून पाहा: तांब्याच्या पट्टीवर पांढरी रेघ म्हणजे तडा. दोन्ही टोके सॉकेटमधून काढून एकेक पट्टी मोजा, आणि मोजताना रिबन वाकवून पाहा. तडा सरळ अवस्थेत जुळलेला असतो आणि वाकल्यावर उघडतो.

सॉकेटची दोन रूपे असतात. एकात तपकिरी पट्टी एक-दीड मिलिमीटर बाहेर सरकते, दुसऱ्यात ती दारासारखी वर उचलते. काहींत पट्टीच नसते, रिबन सरळ ओढायची. ओळखल्याशिवाय उपटू नका. नवी रिबन घेताना पट्ट्यांची संख्या, दोन पट्ट्यांमधले अंतर, लांबी आणि दोन्ही टोकांचे उघडे भाग एकाच बाजूला आहेत की उलट बाजूंना, हे चार मुद्दे जुळले पाहिजेत. चौथा चुकला तर सगळे संकेत उलटे जोडले जातात. पिकअपला चिकटलेली खास आकाराची रिबन सुटी मिळत नाही, तेव्हा पिकअपसकट बदलावी लागते. तडा गेलेल्या रिबनवर सोल्डर करू नका. वाकणाऱ्या जागी तो आठवडाभरही टिकत नाही.

डँपर

यंत्रणेच्या चार कोपऱ्यांत सिलिकॉन तेल भरलेल्या रबरी बोंड्या आणि स्प्रिंगा असतात. रबर फाटले की तेल खाली सांडते, कधी बोर्डवर तर कधी सीडीवर. यंत्रणा बोटाने एक सेंटिमीटर दाबून सोडा: ती परत येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर डँपर रिकामा आहे. तेल पुन्हा भरून रबर चिकटवण्याचे उपाय डिकीच्या उष्णतेत टिकत नाहीत. त्याच मॉडेलचा बंद पडलेला चेंजर भंगारात मिळाला तर चारही डँपर त्यातून घ्या, एकटा-दुकटा बदलू नका.

आता लेसर

लेन्स स्वच्छ, रिबन ठणठणीत, सीडी चांगली, आणि तरी फोकस नाही किंवा अर्ध्या तासाने जातो, तेव्हाच लेसरकडे या. सोनीच्या केएसएस मालिकेतल्या पिकअपवर छोटी चिठ्ठी असते. तिच्यावरच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक म्हणजे नवा असतानाचा प्रवाह. ४३७ लिहिले असेल तर ४३.७ मिलीअँपिअर. लेसर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या मालिकेतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजून ओहमने भागले की आताचा प्रवाह कळतो. छापील आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर लेसर निरोगी. १५-२० टक्के वर गेला असेल तर तो थकला आहे.

पिकअपच्या बाजूला एक बारीक प्रीसेट, म्हणजे लेसरचा प्रवाह ठरवणारा फिरता रेझिस्टर, असतो. तो फिरवला की काही चेंजर लगेच वाजू लागतात, म्हणून हा उपाय तोंडोतोंडी पसरला आहे. तो करू नका. प्रवाह वाढवून मिळालेला उजेड थकलेल्या डायोडचे उरलेले आयुष्य झपाट्याने खातो, आणि बिघाड दुसरीकडेच असेल तर चांगला लेसरही जातो.

नवा पिकअप घेताना नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, शेवटचे एक अक्षरही. त्याच्या रिबनवर किंवा बोर्डवर कारखान्यातून सोल्डरचा एक ठिपका देऊन दोन टोके मुद्दाम शॉर्ट केलेली असतात, स्थिर विजेने डायोड जाऊ नये म्हणून. क्रम असा: मनगटी पट्टा लावा, पिकअप बसवा, रिबन सॉकेटमध्ये घालून लॉक करा, आणि मगच अर्थ केलेल्या सोल्डरिंग आयर्नने तो ठिपका काढा. ठिपका तसाच राहिला तर नवा पिकअपही मेल्यासारखा वागतो आणि दुकानदाराशी भांडण होते.

वाजतो, पण आवाज नाही

डिस्प्लेवर वेळ पुढे सरकत असेल तर यंत्रणा आणि लेसर ठीक आहेत. एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर केबलची पिन. दोन्ही बाजूंचा गेला असेल तर आवाजाची अर्थ-वायर किंवा म्यूटचा ट्रान्झिस्टर. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू येत असेल तर चेंजरचा आणि हेड युनिटचा अर्थ एकाच जागी घ्या. १९९०च्या दशकातल्या बोर्डवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. जवळ नाक नेले तर मासळीसारखा वास येतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घ्या, आणि खालची जागा अल्कोहोलने धुऊन मगच बसवा. रेग्युलेटरच्या पायांभोवती गोल तडा दिसला तर तोच तुमचा ड्राय सोल्डर. जुना ओढून काढून नवा द्या.

डॅशबोर्डमधला चेंजर

होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी यांसारख्या गाड्यांत सहा सीड्या घेणारा चेंजर हेड युनिटमध्येच असतो. लेन्स, रेल, स्विच यांचे सगळे वरचे लागू पडते, पण मॅगझिन नसल्याने सहा ट्रे एकमेकांवर रचलेल्या असतात आणि गिअरची जुळणी फार नाजूक असते. सीडी आत अडकली असेल तर सगळे थर उकलण्यापेक्षा आधी वीज तोडून-जोडून, इजेक्ट धरून ठेवून बाहेर काढायचा प्रयत्न करा. हेड युनिट काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून किमान तीन मिनिटे थांबा, एअरबॅगची साठलेली वीज उतरते. होंडाचा पाच अंकी कोड त्याआधी शोधून ठेवा. तो बहुधा ग्लव्ह-बॉक्समधल्या स्टिकरवर किंवा गाडीच्या कागदपत्रांतल्या कार्डावर असतो.

परत बसवताना

कोनाच्या खुणा दोन्ही बाजूंना जुळवा, वाहतुकीचे स्क्रू काढा आणि जपून ठेवा, केबलला इतका सैल पल्ला द्या की यंत्रणा हलली तरी प्लगवर ताण येणार नाही. पहिली चाचणी एकाच सीडीने, सहाही ट्रेमध्ये एकामागून एक घालून, गाडी उभी असताना. मग तीच सीडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण वाजवा. त्यानंतर खड्ड्यांचा रस्ता. सगळ्यात शेवटी गाडी दुपारी तासभर उन्हात ठेवून पुन्हा तेच. ड्राय सोल्डर आणि थकलेला लेसर याच चाचणीत पकडले जातात. ती पार पडेपर्यंत ब्रॅकेटचे चारही बोल्ट पूर्ण कसू नका, डिकीचे अस्तरही परत लावू नका.